हक्क सोडणे म्हणजे वैराग्य काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत इतकी मुरली आहे की तिला श्रुतिवचनाची योग्यता आली आहे. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ असोत, की देवळातल्या मानपानावरून तट पडलेले गाव असो, तिथे ही म्हण सोळा आणे खरी. तसल्या वादांत घरची भाकर परक्याच्या घरी जाते, आणि निकाल लागतो तेव्हा मूळचा वाद कोणाला आठवतही नसतो. परंतु सज्जनहो, म्हण ही औषधासारखी असते. ज्या रोगावर सांगितली त्याच रोगावर ती द्यावी. अलीकडे ही म्हण एका निराळ्याच माणसाला ऐकवली जाते. तो माणूस म्हणजे कामावरून काढून टाकलेला मजूर. त्याचा पगार थकलेला, ग्रॅच्युइटी अडकलेली, आणि पदरी वकील नाही म्हणून स्वतःच उभा राहून तो एका मोठ्या कंपनीशी वाद घालतो आहे. त्यातून त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली, तर मग पाहायलाच नको. "माळकरी असून कोर्टात जातो," हा शेरा गावातला रिकामटेकडाही त्याच्यावर मारून जातो.

आमचे लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. इथे औद्योगिक वसाहत झाली, तिला सारे लोक एमआयडीसीच म्हणतात. त्यामुळे आमच्याकडच्या कीर्तनात शेतकऱ्याइतकाच पाळीवर जाणारा माणूस बसलेला असतो. एकादशीचा जागर ऐन रंगात आला असता पहाटेच्या पाळीसाठी तो हळूच उठून जातो. त्याच्या उठण्याचा मला कधी राग आला नाही. पाळी चुकली तर खाडा पडतो, आणि खाडा पडला तर घरातली चूल विचारते.

अशाच एका श्रोत्याने, परजिल्ह्यातल्या एका मोठ्या कारखान्यात अठरा वर्षे काढून परत आलेल्या गृहस्थाने, काल्याचा प्रसाद घेताना मला गाठले. त्याला कामावरून कमी केले होते. चौकशी झाली ती इंग्रजी कागदांवर. युनियन नावापुरती उरलेली. वकिलाची फी झेपेना, म्हणून फाईल पिशवीत घालून तो स्वतःच तारखांना जात होता. मेहुण्याने त्याला सांगितले होते की तू वारी करतोस, तर पांडुरंगावर भार टाक आणि केस काढून घे. तो मला म्हणाला, "महाराज, भार टाकाले माही ना नाही. पण मी पांडुरंगावर भार टाकून राह्यलो, का कंपनीवरचा भार उतरवून राह्यलो, थेवढं सांगा." प्रश्न साधा दिसतो. पण परमार्थात हक्काचे स्थान कोणते, हा सगळा वाद त्याच्या पोटात आहे. म्हणून तो इथे मांडतो.

वैराग्याचा दाखला देणारे लोक तुकोबारायांचे नाव पुढे करतात. तुकोबांनी घरच्या सावकारीची ऋणखते इंद्रायणीत बुडवली, मग तुम्ही चार पैशांसाठी कशाला झगडता, असे ते विचारतात. ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण ती नीट ऐकली पाहिजे. बुडवलेले कागद कशाचे होते? दुसऱ्यांनी तुकोबांना द्यायच्या पैशांचे. दुष्काळाने मोडलेल्या कुळांकडून येणे होते, ते सोडले. म्हणजे ज्याचा हात वरचा, त्याने आपला हात उघडला. आणि दुसरी गोष्ट, जी कीर्तनात पुष्कळदा घाईत राहून जाते: कागद बुडवण्याआधी त्यांची वाटणी झाली. अर्धे खत बंधू कान्होबांच्या हाती दिले गेले, कारण कान्होबांना आपला संसार चालवायचा होता. तुकोबांनी बुडवला तो आपला वाटा. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही.

आता ह्या कथेवर तो मजूर ताडून पाहा. त्याच्या थकलेल्या पगारात त्याचा एकट्याचा वाटा किती? बायकोचा आहे, मुलीच्या शिक्षणाचा आहे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचा आहे. स्वतःचा वाटा त्याला बुडवायचा तर खुशाल बुडवावा; पण बाकीच्यांचा वाटा नदीत टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? शिवाय तो धनको असला तरी त्याचा हात खालचा आहे. धनकोने ऋणको गरीब म्हणून सोडणे ह्याला दया म्हणतात. ऋणको बलवान म्हणून सोडणे ह्याला दुसरे नाव आहे. वैराग्याचे वस्त्र भीतीच्या अंगावर चढवले, तर ते दोघांनाही शोभत नाही.

मी पाठशाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी व्यवहाराध्याय आमच्याकडून घोकून घेतला होता. व्यवहार म्हणजे न्यायालयातला वाद. धर्मशास्त्राने वादाची अठरा पदे सांगितली आहेत. कर्ज, ठेव, भागीदारी, सीमा ही नावे लोकांना ठाऊक असतात. पण त्याच अठरांत कामाचा मोबदला न देणे हे एक स्वतंत्र पद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मजुराचे गाऱ्हाणे ही काही इंग्रजांनी आणलेली नवी गोष्ट नव्हे. मनूच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की आजारी पडलेल्या नोकराने बरे झाल्यावर ठरलेले काम पुरे केले, तर कितीही काळ लोटला असला तरी त्याला त्याचे वेतन मिळालेच पाहिजे. आणि जो धडधाकट असून निव्वळ मस्तीने काम टाळतो त्याला दंड आहे, वेतन नाही. याज्ञवल्क्य एक पाऊल पुढे जातो. मजुरी न ठरवताच कोणी काम करून घेतले असेल, तर व्यापार, गुरे किंवा धान्य ह्यांतून झालेल्या प्राप्तीचा दहावा भाग त्या नोकराला देववावा, असे तो म्हणतो. वाटेत काम सोडून पळणाऱ्या मजुराला त्याने चढता दंड सांगितला आहे: निघतानाच सोडले तर मजुरीचा सातवा भाग, पुढे गेल्यावर चौथा, अर्ध्या वाटेवर सोडले तर सगळी मजुरी. हे वाचून मालक मंडळी खूश होतील. पण श्लोकाच्या शेवटी एक लहानसे पद आहे, आणि त्यावर विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने बोट ठेवले आहे: मजुराला मध्येच टाकणाऱ्या मालकालाही तोच दंड. एकाच तागडीत दोघांना तोलले आहे.

स्मृतींत सर्व माणसांना सारखा न्याय सांगितलेला नाही, हे मी जाणतो. आमच्या संतांनी त्या विषमतेला मान दिला नाही, आणि मीही त्या भागाची वकिली करणार नाही. इथे एवढेच दाखवायचे आहे की घामाचे मोल मागणे हा लोभ आहे, असे आपल्या शास्त्रानेसुद्धा कुठे म्हटलेले नाही. तो धर्माचा विषय म्हणूनच सांगितला आहे.

बरे, वाद घालावा हे मान्य केले. पण एकट्याने? नारदस्मृतीत असे आहे की जो भाऊ नाही, बाप नाही, मुलगा नाही, आणि ज्याला नेमलेलेही नाही, त्याने दुसऱ्यासाठी सभेत बोलू नये. बोलला तर दंड. म्हणजे वादी बहुधा आपल्याच तोंडाने बोलत असे. आजच्या दिवाणी कायद्यातही पक्षकाराला स्वतः उभे राहण्याचा अधिकार आहेच. मात्र ह्या अधिकाराची एक गंमत मजुराच्या बाबतीत झाली, ती समजून घेण्यासारखी आहे.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा झाला तेव्हा वाद म्हणजे समूहाचा वाद, असा अर्थ न्यायालयांनी लावला. एकट्या मजुराला काढले आणि त्याच्यामागे युनियन किंवा पुरेसे सोबती उभे राहिले नाहीत, तर त्याचे दुःख हा 'विवाद'च ठरत नसे. १९६५ साली त्या कायद्यात कलम २-अ घातले गेले, आणि काढून टाकलेला एकटा माणूसही विवाद उभा करू शकेल अशी सोय झाली. २०१० च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले: समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस लोटले की सरकार प्रकरण पाठवील याची वाट न पाहता त्याला थेट कामगार न्यायालयात जाता येऊ लागले. एकट्याला उभे राहायला कायद्याने जमीन दिली, ही मोठीच गोष्ट झाली. पण लोकांनी तिचा अर्थ भलताच लावला. आता कायद्यानेच त्याला एकटा उभा केला आहे, मग आपण कशाला, असे म्हणून सोबती घरी गेले.

त्याच कायद्याच्या कलम ३६ मध्ये दुसरी एक तरतूद होती. समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय तिथे वकील उभा करता येत नसे. हेतू चांगला होता. पैसेवाल्याने मोठा वकील आणून गरिबाला दबवू नये, दोघांनीही साध्या भाषेत बोलावे. पण मोठ्या आस्थापनेला दार बंद झाले तरी खिडकी सापडते. पारादीप बंदराच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ केला की एखादा वकील कंपनीचा किंवा मालकसंघाचा अधिकारी असेल, तर तो अधिकारी म्हणून उभा राहू शकतो. झाले! मजुराच्या बाजूला मजूर, आणि समोर अधिकाऱ्याच्या कोटात कायद्याचे शिक्षण.

असाच विषम सामना मुंबईच्या गोदीत झाला होता, आणि त्याचा निकाल प्रत्येक कामगाराला माहीत असावा असा आहे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने आपल्या एका कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी लावली. ट्रस्टची बाजू मांडायला त्यांचे स्वतःचे कायदा सल्लागार आणि त्यांचे साहाय्यक, असे दोन कायदा जाणणारे अधिकारी नेमले. कर्मचाऱ्याने म्हटले, मग मलाही वकील द्या. उत्तर आले, नाही. म्हणजे एकीकडे दोन पैलवान, आणि दुसरीकडे ज्याने कधी लंगोटही बांधला नाही असा माणूस. वर त्याला सांगायचे की कुस्ती नियमाप्रमाणे होईल. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात. तिथे १९८२ साली न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी निकाल दिला. मालकाच्या बाजूने कायद्यात मुरलेला माणूस असताना नोकराला तसे साह्य नाकारणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असा त्याचा भावार्थ. न्यायाच्या तराजूत एका पारड्यात आधीच वजन ठेवलेले असेल, तर तराजू कितीही सोन्याचा असो, त्यावर तोललेला माल खोटाच. ती चौकशी कारखान्याच्या आतली होती, कोर्टातली नव्हे. पण ज्या खोलीत पहिला कागद होतो त्याच खोलीत निम्मा निकाल लागून जातो, हे तारखांना जाणारा कोणीही सांगेल.

एकट्या माणसाबद्दल न्यायालयांना काळजी नसते असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली स्वतः वाद चालवू इच्छिणाऱ्यांसाठी नियम केले. त्यांत कार्यालयातल्या अधिकाऱ्यांची समिती त्या माणसाचे कागद पाहते, आणि तो न्यायालयाला उपयोगी पडेल असे बोलू शकतो की नाही हे अजमावते. (ह्या परीक्षेला वकीलही बसवले तर किती उतरतील, हा प्रश्न मनात येतो, पण तो इथे नको.)

आता दुसरी बाजू. आमच्या त्या गृहस्थाला मी पहिला प्रश्न विचारला तो कंपनीचा नव्हे, त्याचाच. ज्या कारणाने काढले ते खरे की खोटे? कोर्टात जाण्याआधी माणसाने विठ्ठलासमोर बसून हा हिशोब करावा, कारण तिथे खोटी हजेरी लागत नाही. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यातले एक प्रकरण आहे. एक कामगार १९८३ च्या ऑगस्टात कामाच्या वेळी, कामाच्या जागी झोपलेला सापडला. पहिल्यांदा नव्हे, त्याच्या आधी तीन वेळा त्याच्यावर गैरवर्तनाचा ठपका आला होता. चौकशी झाली, १९८४ साली त्याला काढले. पुण्याच्या कामगार न्यायालयाला ही शिक्षा फार कडक वाटली. प्रकरण वर वर चढत गेले, आणि २००५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्यच ठरवली. एका झोपेचा निकाल लागायला एकवीस वर्षे! मला त्या कामगाराचा उपहास करायचा नाही. भट्टीच्या धगीत रात्रपाळ्या काढलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झोप कशी येते हे गादीवर झोपणाऱ्याने सांगू नये. पण मनूने मस्तीने काम टाळणारा आणि आजाराने पडलेला ह्यांत जो भेद केला तो आजही लागू आहे, आणि आपण कोणत्या बाजूचे हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. चूक आपली असेल, तर शिक्षा कमी करा एवढेच मागावे. मी चुकलोच नाही, असे प्रतिज्ञेवर लिहून देऊ नये. माळकऱ्याची परीक्षा कोर्टात जाण्या-न जाण्यावर नाही, ती ह्या प्रतिज्ञापत्रावर आहे.

दुसरी परीक्षा मनाची. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला लढ म्हणतात, आणि त्याबरोबर एक विशेषण जोडतात: विगतज्वर. ज्याचा ताप गेला आहे असा होऊन लढ. हा शब्द खटलेकऱ्याने उशाशी ठेवावा. एकट्याने वाद चालवणाऱ्यांपैकी पुष्कळांना मी पाहिले आहे. पहिल्या वर्षी ते पगाराबद्दल बोलतात. पाचव्या वर्षी मॅनेजरबद्दल. दहाव्या वर्षी त्यांच्या बोलण्यात पगारही नसतो, घरही नसते. फक्त अर्ज, जावक क्रमांक, शेरे. मुलाचे लग्न ठरले की नाही हे बायकोला विचारावे लागते, पण अमुक तारखेला समोरचा गैरहजर होता हे त्यांना झोपेतही आठवते. हा ज्वर आहे. कंपनीला तो कधीच चढत नाही, कारण कंपनीला अंगच नाही! तिचा एक अधिकारी बदलून गेला तर दुसरा तीच फाईल घेऊन येतो आणि संध्याकाळी सुखाने जेवतो. ताप चढतो तो हाडामांसाच्या पक्षकारालाच. म्हणून त्याने वाद तारखेच्या दिवशी करावा आणि बाकीचे दिवस हरिपाठाला, घराला, जमेल त्या मजुरीला द्यावेत. मॅनेजरचे वाटोळे व्हावे अशी इच्छा मनात आली, तर आपला दावा वेतनाचा होता हे स्वतःला बजावावे. मॅनेजरच्या वाटोळ्याची किंमत कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेली नसते.

कोणी म्हणेल, महाराज, इतकी वर्षे जात असतील तर ताप चढणारच. खरे आहे. अनुचित कामगार प्रथांबाबतचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा झाला, त्यात तक्रार ९० दिवसांत करावी आणि न्यायालयाने ती शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावी असे लिहिले होते. मजुराचे ९० दिवस काटेकोर मोजले जातात. न्यायालयाच्या सहा महिन्यांना 'शक्यतो' हा शब्द संभाळून घेतो. ह्या उशिराचे पाप कोणाच्या माथी? महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांनी याचे उत्तर दिले. बेकायदा काढलेल्या नोकराला मागचा पगार मिळणे हा सामान्य नियम होय. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढे नोकराने सांगावे, मग तो कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. आणि खटला लांबला हा नोकराचा दोष नसल्यामुळे त्या लांबणीची शिक्षा त्याला देऊ नये. मनूच्या त्या वचनाशी, कितीही काळ लोटला तरी वेतन मिळावे ह्या वचनाशी, हे किती जुळते पाहा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्या सोहळ्यातली एक रीत वारकऱ्यांना सांगायला नको, पण तिचा अर्थ किती जणांनी मनात घेतला कोण जाणे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार आपला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. त्या नीरव शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. अहो, साक्षात माउलींच्या समोर गाऱ्हाणे मांडणाऱ्याला तिथे कोणी अभक्त म्हणत नाही. वाद मांडण्याची सोय आपल्या वाडवडिलांनी उपासनेच्या आतच ठेवली आहे. आणि हेही पाहावे की टाळ वाजतात ते सगळ्या दिंडीचे. ज्याचे सामान हरवले, ज्याची जागा गेली, तो एकटा टाळ वाजवीत बसत नाही. त्याचे गाऱ्हाणे ते दिंडीचे गाऱ्हाणे.

कारखान्यातून काढलेला माणूस मात्र एकटाच टाळ वाजवतो. ज्यांनी त्याच्याबरोबर अठरा वर्षे एका डब्यातली भाकर खाल्ली, ते गप्प असतात. त्यांचे भय मी समजू शकतो. त्यांची नोकरी अजून शाबूत आहे आणि ती तशीच राहावी अशी त्यांची इच्छा आहे. परंतु शास्त्र इथे फार कठोर आहे. सभेत जावेच लागले तर खरे बोलावे. जो तिथे गप्प राहतो तो खोटे बोलणाऱ्याइतकाच दोषी, असे मनू म्हणतो. याज्ञवल्क्य तर जाणून साक्ष न देणाऱ्याला खोट्या साक्षीदाराच्याच पापात आणि त्याच दंडात बसवतो. एकट्या वादीला बहुतेक वेळा कायदा कमी पडत नाही. कमी पडते ते एवढेच: त्या दिवशी तो गेटवर हजर होता, आत घेतले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले, असे सांगणारे एक माणूस. रोज विठ्ठलाला सर्वसाक्षी म्हणायचे आणि आपण स्वतः कशाचेच साक्षी व्हायचे नाही, हे कसे जमते मला कळत नाही.

दामाजीपंतांची कथा महिपतींनी भक्तविजयात सांगितली आहे. पंत मंगळवेढ्याला बादशहाच्या चाकरीत. दुष्काळात त्यांनी कोठारे लुटवली. चाकर म्हणून ते अपराधीच होते आणि ते त्यांनी नाकारलेही नाही. बेदरच्या दरबारात त्यांची बाजू मांडायला कोण गेले? विठू महार होऊन पांडुरंग गेला. वकीलपत्र नाही, मोठा पोशाख नाही, राजसभेत ज्याला उभेही करत नसत त्या वेषात गेला. आणि धान्याचे पैसे भरून देवाने काय केले? पावती घेतली! ती रीतसर आणून दामाजींच्या गीतेच्या पोथीत ठेवली. कीर्तनात ह्या जागी लोक हसतात, हसू द्यावे. पण जगन्नियंत्यालाही राजदरबारात पैसे भरून पावतीवाचून परतावेसे वाटले नाही. मग आपण नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड, कामावरून कमी केल्याचे पत्र हे चुलीजवळच्या फळीवर का ठेवतो? पोथीसारखे कापडात बांधून ठेवावे.

ज्याच्यामागे दिंडी नाही त्याच्यासाठी निदान एक सोय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर साह्य मिळण्याचा अधिकार आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पुष्कळ कामगार फी परवडत नाही म्हणून एकटे उभे असतात आणि हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत. तेव्हा आपल्या प्रकरणाला कोणती मुदत लागू आहे हे जुन्या माहितीवर न विसंबता तिथेच विचारून घ्यावे. तालुका विधी सेवा समिती म्हटले की कोर्टातला शिपाईही ती खोली दाखवतो. जाताना बरोबर कोणीतरी जावे.